पलटण केव्हा उभी राहणार?

वर्षाच्या पहिल्या अंकासाठी आलेल्या पत्रांत यंदा एका छंदाचीच गर्दी आहे. बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवायचे, ते टेबलावर मांडायचे आणि फासे, मोजपट्टी व नियमपुस्तिका यांच्या आधारे लढाई खेळायची, असा हा छंद आहे. हौशी मंडळी त्याला वॉरगेमिंग म्हणतात आणि शिपायांना मिनिएचर म्हणतात. सर्वांना वर्षभराचे नियोजन हवे आहे, म्हणून या वेळचे पान त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : येत्या २३ सप्टेंबरला, म्हणजे असईच्या लढाईच्या तारखेला, चार मित्रांनी मिळून तीच लढाई टेबलावर खेळावी असा बेत आहे. १५ मिलिमीटरचे शिपाई घ्यावेत की २८ मिलिमीटरचे? रोज रात्री दोन तास बसलो तर सगळे सैन्य वेळेत तयार होईल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रोज रात्री दोन तास आपण बसणार नाही. पहिले दहा दिवस बसाल. त्यानंतर मार्चअखेरचे कार्यालयीन काम येईल, मग लग्नसराई, मग मुलांच्या शाळेची खरेदी आणि ऐन शेवटच्या टप्प्यात गणपती. त्यामुळे हिशेब आठवड्याला तीन तासांचा धरावा. जानेवारीपासून २३ सप्टेंबरपर्यंत सुमारे ३८ आठवडे मिळतात. त्यांतले आठ हातचे सुटणारच, म्हणजे उरले ३० आठवडे आणि ९० तास. नदी, गाव, टेबलावरचे कापड आणि तोफा यांसाठी १५ तास बाजूला काढले की शिपायांच्या वाट्याला ७५ तास येतात. नियोजनाची सुरुवात या आकड्यापासून करावी, दुकानातल्या यादीपासून करू नये.

आता लढाईकडे वळू. जालना जिल्ह्यात केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात १८०३ साली ही लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढायला सुमारे साडेचार हजार माणसे होती, तर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या बाजूला कवायती पायदळच दहा हजारांच्या वर होते, शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि शिवाय अफाट घोडदळ होते. या कवायती फौजेचे, म्हणजे कंपूचे, नेतृत्व पोलमन या हनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, तेव्हा मध्ये नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने केळना ओलांडली आणि तो मराठा फौजेच्या बगलेवर आला. पोलमनने तेवढ्या वेळात आख्खी फळी वळवून तोफा त्याच्या समोर आणल्या. कवायतीची ही कामगिरी साधी नव्हती, आणि आपल्या टेबलावर नेमकी तीच दिसायला हवी.

सर्वसाधारण पद्धतीने प्रत्येक पलटणीला १२ शिपाई धरले, तर इंग्रजांच्या सहा पलटणींचे ७२, घोडदळाच्या चार रेजिमेंटांचे २४, गोलंदाज १२ आणि सरदार ३ असे १११ होतात. मराठ्यांच्या नऊ पलटणी, थोडे घोडदळ आणि आठ तोफांवरचे गोलंदाज मिळून आणखी १७०. एकूण आकडा २८१ वर जातो. पंधरा मिलिमीटरचा एक शिपाई, घाण्याला लावल्यासारखा एकगठ्ठा रंगवला, तरी २५ मिनिटे खातो. म्हणजे ११७ तास झाले आणि आपल्याकडे आहेत ७५. अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायाला सव्वा तास लागतो, त्यामुळे तो पर्याय इथेच निकालात निघतो.

यावर बहुतेक जण पलटणी कमी करतात. ती चूक आहे, कारण पलटणी कमी केल्या की लढाईचा आकारच जातो : पोलमनची वळणारी फळी उरत नाही आणि वेलस्लीचे अपुरे संख्याबळही जाणवत नाही. पलटणी तेवढ्याच ठेवाव्यात, पलटणीतले शिपाई बारावरून आठवर आणावेत आणि घोडदळ व गोलंदाजही तसेच कमी करावेत. असे केले की इंग्रजांकडे ७४ आणि मराठ्यांकडे १०६, मिळून १८० होतात, आणि १८० गुणिले २५ मिनिटे म्हणजे बरोबर ७५ तास. इंग्रजांच्या बाजूचे मैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ मागेच, केळनेच्या दक्षिण तीरावर ठेवलेले होते, त्यामुळे ते रंगवण्याच्या फंदात पडूच नये.

माझा २५ मिनिटांचा आकडा आपल्या हाताला लागू पडेलच असे नाही. म्हणून जानेवारीत फक्त एक पलटण अस्तरापासून (रंगाआधीचा थर, म्हणजे प्रायमर) बैठकीपर्यंत (शिपायाच्या पायाखालचा तळ) संपूर्ण करावी आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवावी. आइस्क्रीमच्या काडीवर चार शिपाई, अशा दोन काड्या घेऊन आठही जणांचे कोट एका दमात, मग आठही जणांचे पट्टे, अशा क्रमाने काम करावे. पलटणीला चार तास लागले तर शिपाई पुन्हा कमी करावेत, मात्र तो निर्णय फेब्रुवारीतच घ्यावा, श्रावणात नव्हे.

प्रश्न : रत्नागिरीच्या पावसात स्प्रेचे प्रायमर आणि व्हार्निश वापरता येते का? गेल्या वर्षी माझे शिपाई पांढरट पडले.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येत नाही. स्प्रेमधले द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. मॅट व्हार्निशमध्ये ती अडकली की पांढरी झाक येते. मी स्वतः एकदा जुलैत, पाऊस थांबल्यासारखा वाटला म्हणून, ठाण्याच्या बाल्कनीत २४ शिपायांवर व्हार्निश मारले होते. दहा मिनिटांत सगळी पलटण गिरणीतून पीठ दळून आल्यासारखी दिसू लागली. अशा वेळी कुंचल्याने चकचकीत व्हार्निशचा एक पातळ हात दिला तर झाक पुष्कळदा निघते, आणि मग कोरड्या दिवसांत पुन्हा मॅट मारता येते. माझे १९ शिपाई असे वाचले.

याच्या उलट विदर्भातल्या वाचकांनी एप्रिल-मेच्या भर दुपारी स्प्रे मारू नये, कारण तिथे रंग शिपायापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळतो आणि चेहऱ्यावर रवाळ थर बसतो. त्यांच्यासाठी सकाळी सातची वेळ चांगली.

कोकणापुरते सांगायचे तर घरात पापड, कुरडया आणि सांडगे ज्या दिवसांत गच्चीवर वाळत घातले जातात, तोच आपला अस्तराचा हंगाम समजावा. वर्षभरात जेवढे शिपाई रंगवायचे ठरले असेल, तेवढ्या सगळ्यांवरच्या साच्याच्या रेघा घासून, प्लास्टिकचे असतील तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, मे संपण्यापूर्वी अस्तर मारून डबे भरून ठेवावेत. धुण्याचा कंटाळा करू नये, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग पोपड्यांनी निघतो. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता कुंचला चालवावा. ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळणारे असल्याने पावसाळी हवेत ते सावकाश वाळतात आणि छटा एकमेकींत मिसळायला उलट सवड मिळते. व्हार्निशचे काम ऑक्टोबरच्या उन्हावर टाकावे. पुण्याच्या वाचकांना सप्टेंबरातच खेळायचे आहे, त्यांनी कुंचल्याने लावायचे व्हार्निश वापरावे किंवा तसेच खेळून घ्यावे. फक्त भजी खाल्लेल्या हाताने कोणी शिपाई उचलणार नाही, एवढे पाहावे.

प्रश्न : मित्रांना असईचा बेत सांगितला तेव्हा एक जण म्हणाला, आपल्याच पराभवाची लढाई हौसेने रंगवायची कशाला? मला उत्तर सुचले नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या मित्रालाच मराठा बाजू खेळायला द्यावी. या लढाईत इंग्रज सैन्याचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ लोक गेले, म्हणजे लढलेल्यांतला दर तिसरा माणूस. चौऱ्याहत्तराव्या रेजिमेंटची स्कॉटिश पलटण चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तिथल्या तोफांनी व घोडदळाने तिची जवळजवळ वाट लावली. निकाल हातात होता तो असा. टेबलावर तो पुन्हा हातात येतो.

आणि रंगवण्याच्या दृष्टीने सांगायचे तर या लढाईतले माझे सर्वांत आवडते शिपाई शिंद्यांचे गोलंदाज आहेत. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा तोफगाड्यांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला, त्यामुळे पुढे गेलेल्या सैन्याला परत यावे लागले. आपल्या संचात प्रत्येक दोन तोफांमागे एक आडवा पडलेला गोलंदाज ठेवावा. बाजारात असा शिपाई शोधत बसण्याची गरज नाही. उभ्या शिपायाचे गुडघे कापून, एम-सीलची बारीक वळी भरून तो वाकवता येतो. लोखंडी तार आत घातली तर मान वळवतानाही मोडत नाही.

प्रश्न : घरात न रंगवलेले सुमारे चारशे शिपाई आहेत आणि तरीही नवे घेण्याचा मोह आवरत नाही. नव्या वर्षात काहीच विकत घेऊ नये का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काहीच न घेण्याचे संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत. त्याऐवजी चारशेंची विभागणी लढाईनुसार करावी, एकच लढाई निवडून तिचे शिपाई टेबलाजवळ ठेवावेत आणि बाकीचे माळ्यावर, शिडी लावावी लागेल अशा जागी ठेवावेत. नवी खरेदी निवडलेल्या लढाईत कमी पडणाऱ्या शिपायांपुरती करावी. ज्या खोक्याकडे पाहून तीन वर्षांत एकदाही हात शिवशिवले नाहीत, ते देऊन टाकावे. रंगवायला घेतलेले शिपाई मात्र कोणालाही देऊ नयेत, अर्धवट रंगवलेले तर मुळीच नाही, कारण दुसऱ्याच्या रंगावर रंग चढवायला कोणालाच आवडत नाही.

प्रश्न : २८ मिलिमीटरच्या सरदारांचे डोळे काढताना प्रत्येक जण भूत पाहिल्यासारखा दिसतो. शून्य-शून्य-शून्य क्रमांकाचा कुंचला घेऊनही फरक पडला नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फरक पडत नाही तो कुंचल्यामुळेच. इतक्या बारीक कुंचल्यात रंगच मावत नाही आणि जो थेंब मावतो तो चेहऱ्यापर्यंत नेईपर्यंत टोकावरच वाळतो. एक क्रमांकाचा, पोट भरलेला पण अणकुचीदार टोकाचा कुंचला घ्यावा. शक्य असेल तर नैसर्गिक केसांचा घ्यावा, कारण कृत्रिम केसांचे टोक महिन्याभरात आकड्यासारखे वळते. रंग पातळ ताकाइतका असावा. जेवणाच्या चपट्या डब्यात ओल्या टिश्यूच्या चार घड्या ठेवून त्यावर बेकिंगचा कागद पसरला की रंग तासन्‌तास ओला राहतो.

पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती करणारा हात वेगळा, जाणता असतो. आपल्या कामात क्रम उलटा ठेवावा. त्वचेचा रंग देण्याआधी डोळ्याच्या खोबणीत गडद तपकिरी आडवी रेघ मारावी. तिच्या आत, तिच्यापेक्षा आखूड, मळकट पांढरी रेघ मारावी. शुभ्र पांढरा कधीही वापरू नये, भूत तिथेच जन्माला येते. मग बुबुळासाठी टिंब देण्याऐवजी वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत जाणारी एक उभी गडद रेघ ओढावी. टिंबाच्या भोवती चारी बाजूंनी पांढरे दिसते, म्हणून चेहरा दचकलेला वाटतो, आणि उभ्या रेघेत ते दिसत नाही. दोन्ही बुबुळे एकाच बाजूला किंचित सरकवली तर सरदार कोणाकडे तरी पाहतो आहे असे वाटते आणि तिरळेपणाही झाकला जातो. यानंतर त्वचेच्या रंगाने वरून-खालून कड आवळत आणावी. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून धरली की हात कापत नाही.

त्वचेसाठी परदेशी संचात मिळणारा रंग बहुधा गोऱ्या युरोपीय चेहऱ्याचा असतो. त्याऐवजी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि चिमूटभर पांढरा असे मिश्रण करावे, आणि प्रत्येक चार शिपायांमागे त्याचे प्रमाण बदलावे. कॅमलचे ॲक्रिलिक यासाठी पुरेसे आहेत, फक्त ते जाड असतात, म्हणून एका थरात झाकण्याचा हट्ट न धरता दोन पातळ हात द्यावेत. पंधरा मिलिमीटरच्या शिपायाला डोळे काढूच नयेत. भुवईखाली एक गडद सावली पुरते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतो. इथल्या क्लबात नेपोलियनच्या लढायांचा सुकाळ आहे. वर्षभरात मराठ्यांचा एखादा छोटा प्रकल्प करून सर्वांना खेळवायचा आहे. कोणता निवडावा?
— एक वाचक, नॉटिंगहॅम

उत्तर : आपण या छंदाच्या पंढरीतच राहता. मिनिएचर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, आणि ऐतिहासिक शिपाई बनवणारे कित्येक कारखानेही तिथेच. त्यामुळे साहित्याची चणचण आपल्याला पडणार नाही. पडेल ती विषयाच्या निवडीत, कारण तिथल्या मंडळींना मराठे म्हटले की असई एवढेच ठाऊक असते. म्हणून मी १७७९ च्या जानेवारीतला वडगावचा प्रसंग सुचवीन.

रघुनाथरावांना पेशवेपदी बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांचे सैन्य बोरघाट चढून तळेगावपर्यंत आले. महादजी शिंदे आणि मराठा फौजांनी त्यांची रसद तोडली, इंग्रज रात्री माघारी फिरले आणि वडगावला कोंडीत सापडून त्यांना तह करावा लागला. त्याआधी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठी लोकांनी त्याला इष्टूर फाकडा म्हटले आणि वडगाव मावळात त्याचे स्मारकही राखले. शत्रूला असे लाडके नाव देणारी ही हकिगत क्लबात सांगितली की खेळायला माणसे आपोआप जमतील.

खेळाच्या दृष्टीने हा प्रसंग सोपा आहे, कारण फौजांची फळी उभी करावी लागत नाही. एक लांब, थकलेली माघारीची रांग, बैलगाड्या, दोन तोफा आणि बाजूने टोचणारे मराठा स्वार, एवढेच पुरते. अठ्ठावीस मिलिमीटरचे ६० शिपाई आणि २० स्वार घेतले आणि स्वाराला दीड तास धरला, तर सुमारे १०५ तासांत काम होते. लंडनला वसंतात भरणाऱ्या सॅल्यूट या प्रदर्शनात मांडायचे असेल तर या वर्षीचे नव्हे, पुढच्या वर्षीचे प्रदर्शन धरावे.

रंगांबाबत एक विनंती आहे. सगळ्या स्वारांना भगवे फेटे बांधून ते एकाच गणवेशात उभे करू नयेत. स्वार आपापल्या कपड्यात येत. मांजरपाटाचे अंगरखे कोणाचे नवे, कोणाचे शंभरदा धुतलेले, कोणाचे धुळीने पिवळट, हे दाखवण्यासाठी खाली फिकट खाकी, मळकट पिवळा आणि फिका राखी असे तीन वेगळे पाये घ्यावेत आणि तिन्हींवर एकाच मोतिया पांढऱ्याने उंचवटे उजळावेत. फेट्यांत लाल, हिरवा, पिवळा, निळा असा सगळा बाजार चालेल. घोडे मात्र निम्म्याहून अधिक तपकिरीच ठेवावेत, कारण पांढऱ्या घोड्यांचा मोह झाला की स्वारी लग्नाच्या वरातीसारखी दिसते.

जमिनीसाठी तिथल्या दुकानांतले हिरवेगार गवत वापरू नये. जानेवारीतला मावळ सुकलेला, पिवळा असतो. उकळून पूर्ण वाळवलेला चहाचा चोथा वाळूत मिसळून फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदावर दाबला आणि वर फिक्या मातकट रंगाचा कोरडा कुंचला फिरवला की भातखाचरातली कापणीनंतरची जमीन हुबेहूब येते. चोथा ओला राहिला तर मात्र आठवड्याने बैठकीवर बुरशी धरते.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन रंगवायला मागते. तिला या वर्षी काय द्यावे? धातूचे शिपाई द्यायला भीती वाटते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : भीती रास्त आहे. जुन्या धातूच्या शिपायांत शिसे असू शकते, त्यामुळे ते घासणे आणि कानशीने तासणे मुलांच्या हाती देऊ नये. फेविक्विक आणि कटरही आपल्याकडेच ठेवावे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभाराकडे मिळतात ते मातीचे मावळे तिला द्यावेत, तेही रंगवून विकतात ते नव्हे, कोरे मागून घ्यावेत. सप्टेंबरात सांगून ठेवले तर कोरे मिळतात, वसुबारसेला गेलात तर मिळणार नाहीत. त्यांची उंची चार-पाच इंच असल्याने कुंचला मोठा चालतो आणि डोळेही तिला सहज काढता येतील.

कोरी माती रंग पिऊन टाकते, म्हणून आधी पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्यावा आणि तो रात्रभर वाळू द्यावा. पोस्टर कलर देऊ नयेत. किल्ल्यावर हळीव पेरून रोज पाणी शिंपडले जाते, आणि पोस्टर कलरचा मावळा पाडव्यापर्यंत चिखलात ओघळलेला असतो. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. आठवड्याला एक मावळा असा हिशेब धरला तर घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत चार-पाच मावळे होतील, आणि बुरुजावर तेवढेच पहारेकरी लागतात.